‘काका, हे अंनिसवाले आले कुठून?’ – एका प्रश्नाचं लांबलचक उत्तर

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला. बुद्धिवाद, विवेकवाद, अंधश्रद्धा निर्मूलन हे सगळं परदेशी खूळ आहे, परदेशी पैशावर चालतं, दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलं, त्याआधी आपल्याकडे असलं काही नव्हतं. खाली सत्तावीस जणांनी हात जोडले होते. त्यातले निम्मे माझ्या रोजच्या ओळखीतले. एकजण शिक्षक.

मी ग्रुपवर भांडत नाही. जालन्यासारख्या गावात ज्याच्याशी रात्री भांडलो त्याच्याच दुकानातून सकाळी दूध घ्यावं लागतं. पण ग्रुपमधल्या कॉलेजच्या एका पोरानं मला वेगळा मेसेज केला, “काका, खरंच का हे? हे अंनिसवाले आले कुठून?”

दोन ओळीत सांगण्यासारखं उत्तर नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात कुठून करायची हाच पहिला प्रश्न. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज काढला. माणूस आणि देव यांच्यामध्ये दलाल नको, हे तिथं संघटना बांधून सांगितलं गेलं. फुले निर्मिक मानत होते, नास्तिक नव्हते. पण देवाच्या नावावर चालणाऱ्या व्यवहाराचा हिशेब मागायची सवय त्यांनी लावली. ही झाली मुळं. यात परदेशी पैसा शोधून दाखवा.

आता बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांची संघटना. १९३० च्या सुमारास मुंबईत काही मंडळी एकत्र आली. पुरोहितशाहीच्या विरोधात म्हणून त्यांनी मंडळ काढलं आणि थोड्याच काळात त्याला नाव मिळालं ‘रॅशनलिस्ट असोसिएशन ऑफ इंडिया’. ‘रीझन’ नावाचं इंग्रजी मासिक सुरू झालं. संपादक होते डॉ. चार्ल्स लायोनेल दाव्होआन, पेशानं डॉक्टर, वयस्कर माणूस.

१९३३ मध्ये ‘रीझन’मध्ये धर्म आणि नीती यांच्या संबंधावर दाव्होआन यांचा लेख आला आणि सरकारनं त्यांच्यावर खटला भरला. कलम २९५-अ, धार्मिक भावना दुखावणे. हे कलम तेव्हा नवंकोरं होतं. इंग्रज सरकारनं १९२७ मध्ये ते आणलेलं. १९३४ मध्ये मुंबईच्या मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटनं, सर होर्मझ्दियार दस्तूर यांनी, दाव्होआन यांना निर्दोष सोडलं. परक्या राजवटीत, एका वर्षाच्या आत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्याच मुंबईत, त्याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे आपलं ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, गणिताचा प्राध्यापक. संततिनियमनावर लिहितो म्हणून कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये मासिक सुरू झालं आणि ते मराठीत होतं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. पदरचा पैसा घालून हा माणूस सव्वीस वर्षं मासिक काढत राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही गेलं.

म्हणजे बघा, एक माणूस होता तोवर काम होतं. माणूस गेला, काम संपलं. या सगळ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं.

तिसरा माणूस आमच्या पिढीला फक्त नावानं माहीत आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. दापोलीजवळच्या मुर्डीचे, महर्षी कर्व्यांच्या नात्यातले. १८९९ मध्ये केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य, मग मुंबई प्रांताचे शिक्षणमंत्री, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू, ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर. आणि उघड, जाहीर नास्तिक. त्यांनी ते कधी लपवलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. आज कुलगुरूपदावरच्या कुणी असं जाहीर सांगून बघावं.

डिसेंबर १९४९ मध्ये मद्रासला देशभरातल्या बुद्धिवाद्यांची परिषद झाली आणि ‘इंडियन रॅशनलिस्ट असोसिएशन’ स्थापन झाली. अखिल भारतीय संघटना. तिचा पहिला अध्यक्ष हा आपला मुर्डीचा रँग्लर. संघटनेचा खरा कणा होते एस. रामनाथन, पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत तयार झालेले. मुंबईची जुनी संघटना लवकरच हिच्यात विलीन झाली.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायला हवी. या मंडळींच्या वाचनात इंग्लंडमधली पुस्तकं भरपूर होती. परांजप्यांचं एक पुस्तक लंडनच्या बुद्धिवादी प्रकाशकानंच छापलं. मेसेजवाला म्हणतो तसं परदेशाचं नातं होतंच. पण रेल्वे, छापखाना, देवीची लस, राज्यघटनेतलं प्रौढ मताधिकाराचं कलम, यांतल्या कशाकशाला परदेशी म्हणून परत पाठवायचं? विचार कुठून आला यापेक्षा त्यानं आपल्याकडे काय केलं, हे विचारा.

आणि तिथंच या पहिल्या पिढीची खरी अडचण होती. ते इंग्रजीत लिहीत होते. त्यांचा प्रश्न होता, ‘देव आहे का?’ प्रश्न मोठाच. पण मासिकाचे वाचक शहरातले वकील, डॉक्टर, प्राध्यापक. आपण मराठवाड्यातले लोक तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळी अंबड-भोकरदनच्या खेड्यात ‘रीझन’चा अंक कुणाच्या हाती पडला असेल, असं मला वाटत नाही. १९७० मध्ये रामनाथन गेले आणि ही अखिल भारतीय संघटनाही बरीच वर्षं थंडावली. पुढं केरळचे जोसेफ इडामारुकू आणि त्यांचा मुलगा सनल यांनी दिल्लीतून ती पुन्हा उभी केली.

दरम्यान आपल्याकडं आणखी एक काम झालं होतं. २२ मार्च १९७० ला हमीद दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. तोंडी तलाकच्या विरोधात ते उभे राहिले, स्वतःच्या समाजाच्या शिव्या खाल्ल्या. १९७७ मध्ये, पन्नाशीही न गाठता गेले. ‘फक्त हिंदूंनाच का बोलता?’ असं विचारणाऱ्यांनी हे नाव एकदा शोधून वाचावं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं ते याच माणसावरून.

आता आपण खेड्याकडं येतो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बी. प्रेमानंद हे केरळचे कार्यकर्ते महाराष्ट्रात हिंडले. भाषण कमी, प्रयोग जास्त. बाबा मंत्रानं होम पेटवतो ना? खाली पोटॅशियम परमँगनेट, वरून तूप म्हणून ग्लिसरीन. पेटतो. लिंबू कापलं की रक्त येतं? सुरीला आधीच मिथिल ऑरेंज लावलेलं असतं. लोक आधी चकित होत, मग हसत, मग विचारत, “म्हणजे त्या महाराजानं आपल्याला फसवलं का?” ‘देव आहे का’ हा प्रश्न मागं राहिला आणि पुढं आला तो ‘हा माणूस पैसे कशाचे घेतो?’ हा प्रश्न. हा खेड्यातल्या बाईलाही कळतो, कारण पैसे तिचेच गेलेले असतात.

याच लाटेत नागपूरला श्याम मानव यांच्या पुढाकारानं १९८२ मध्ये अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीपटू, ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीतून आलेले दाभोलकर आधी तिच्यातच होते. मतभेद झाले आणि १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती वेगळी काढली. आपण जिला ‘अंनिस’ म्हणतो ती ही.

दाभोलकरांची भूमिका अशी, की देवाधर्माला आमचा विरोध नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला आहे. यावर खुद्द त्यांच्या मित्रांचं पटत नव्हतं. डॉ. श्रीराम लागू सरळ म्हणत, देव ही कल्पनाच निवृत्त करा. गंमत म्हणजे हे दोघं ‘विवेक जागराचा वादसंवाद’ हा कार्यक्रम घेऊन गावोगाव एकत्र फिरले. एकाच स्टेजवर लागू म्हणत देव नाही, दाभोलकर म्हणत ते तुमचं मत, समितीचं नाही. लोक ऐकत, प्रश्न विचारत. मतभेद असलेली दोन माणसं एकाच गाडीतून येऊन एकाच गाडीतून परत जातात, हे आजच्या पोरांना सांगितलं तर चमत्कारच वाटेल.

माझी स्वतःची ओळख झाली ती २१ सप्टेंबर १९९५ ला. मी दहावीत. गणपती दूध पितो म्हणून सगळा देश रांगेत उभा होता, आमचं गावही. आजीनं मला पितळी वाटी आणि चमचा देऊन पाठवलं. मी पाजलं. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच गेलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या सरांनी वर्गात काचेचा पेपरवेट आणला. चमचाभर दूध त्याच्या कडेला हलकंच टेकवलं. तेही गेलं. मग दुधात कुंकू कालवून पुन्हा केलं, तर पेपरवेटवरून खाली ओघळणारी लाल रेघ दिसली. पृष्ठताण, एवढंच. सर म्हणाले, “घरी जाऊन आजीला खोटं पाडू नका. तिला फक्त ही रेघ दाखवा.” त्यांच्या टेबलावर ‘अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्र’ पडलेलं असायचं. अंनिस माझ्यापुरती तिथून आली. ना कुठलं फंडिंग, ना कुठला परदेश. वार्षिक वर्गणी भरणारा एक झेडपीचा मास्तर.

मराठवाड्यात या कामाला वेगळंच वजन होतं, ते भानामतीमुळं. अंगावर फुल्या उमटतात, कपडे पेटतात, बाया घुमतात, कुत्र्यासारखा आवाज काढतात. मग गावात कुणीतरी ‘केलंय’ असं ठरतं, आणि ते ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा विधवा, एकटी, गरीब किंवा वेगळ्या जातीची असते. कार्यकर्ते आधी त्या घुमणाऱ्या बाईशी बोलत. बहुतेकदा भानामतीच्या मागं निघे न बोललेलं दुःख, नवऱ्याची मारहाण, लेकराचा मृत्यू, सासरचा जाच. डॉक्टर लागायचा, मांत्रिक नाही. हे काम टीव्हीवर दिसत नाही.

मग कायद्याची लढाई. तिचा इतिहासच अठरा वर्षांचा. १९९५ मध्ये विधान परिषदेत कायद्याची मागणी पुढं आली. २००५ मध्ये विधेयक विधानसभेत मंजूर झालं, परिषदेत अडकलं. वारी बंद होईल, सत्यनारायण बंद होईल, असा प्रचार झाला. सरकारं येत-जात राहिली, मसुदा बारीक होत गेला.

आता माझी एक गोष्ट सांगतो, जी सांगायला मला बरं वाटत नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी इथल्याच एका दैनिकात लागलो. पगार नावाला. कमिशन जाहिरातीवर. आणि छोट्या जाहिरातीत नियमित, रोख, आगाऊ पैसे देणारं गिऱ्हाईक एकच: बाबा. वशीकरण, मुठकरणी, गृहक्लेश, संतानप्राप्ती, चोवीस तासांत गॅरंटी. मी त्या जाहिराती घेतल्या. मजकूर नीट करून दिला, शुद्धलेखन तपासून. त्याच नोकरीत मी सर्पदंशाच्या बातम्याही लिहायचो. ‘शेतात काम करताना सर्पदंश, उपचारापूर्वीच मृत्यू.’ दोन ओळी. उपचारापूर्वी ते लेकरू कुठं होतं, कुणाच्या दारात दोन तास गेले, हे मी कधी विचारलं नाही. एकदा एका बापानं स्वतःहून सांगितलं. ती जाहिरात आणि ती बातमी एकाच पानावर होती का, आठवत नाही. एकाच आठवड्यात होती, हे नक्की.

म्हणून २०१३ चा कायदा मी हातात घेऊन वाचला, तेव्हा अनुसूची वाचताना मान खाली गेली. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, पैसे उकळणं – गुन्हा. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं – गुन्हा. भूत उतरवायला दोरानं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं – गुन्हा. एखाद्या बाईला करणी करणारी म्हणून जाहीर करणं – गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि याच कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वारी, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही. देव मानू नका, असं त्यात कुठंही नाही. ज्यांनी वारी बंद होणार म्हणून सांगितलं होतं, त्यांना कुणी जाब विचारला नाही. वारी दरवर्षी निघतेच आहे.

या कायद्याखालच्या अगदी पहिल्या कारवायांपैकी एक झाली आपल्या शेजारी, नांदेडला. दुर्धर रोगांवर चमत्कारी उपचाराची जाहिरात पेपरात देणाऱ्यांवर. माझ्यासारख्यांनी मजकूर नीट करून दिलेली तसलीच जाहिरात. आणि आरोपी मुस्लिम होते. कायदा एकाच धर्माच्या विरोधात आहे म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

हा कायदा कसा झाला, ते तर सगळ्यांना माहीत आहे. २० ऑगस्ट २०१३, सकाळी फिरायला निघालेल्या दाभोलकरांना पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. अठरा वर्षं जे होत नव्हतं ते काही दिवसांत वटहुकूम काढून झालं, आणि डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात कायदा. माणूस मेल्यावर. त्यानंतर २०१५ मध्ये कोल्हापूरला कॉम्रेड गोविंद पानसरे, धारवाडला प्रा. एम. एम. कलबुर्गी. २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश.

१० मे २०२४ ला पुण्याच्या न्यायालयानं निकाल दिला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघं निर्दोष. सूत्रधारापर्यंत तपास पोचला नाही, हे न्यायालयानंच नोंदवलं. आणि ज्या दोघांना जन्मठेप झाली, ते दोघंही तेव्हाच्या औरंगाबाद, आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले. आपल्या जालन्यापासून तासाभराच्या वाटेवरचे. २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याच्या प्रकरणात एटीएसनं जालन्याच्या एका माजी नगरसेवकालाही अटक केली होती. आरोप म्हणजे दोष नव्हे, हे मी पत्रकार म्हणून आधी सांगतो. पण त्या दिवशी मुंबईच्या चॅनेलवाल्यांचे फोन आम्हाला यायला लागले, “जालना म्हणजे नेमकं कुठं?” तेव्हा आमच्यातल्या कुणालाच पटकन काही बोलता आलं नाही.

आता मघाचं कलम आठवा. २९५-अ. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याच्या एका चर्चजवळ येशूच्या पुतळ्यातून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. सनल इडामारुकूंनी जाऊन पाहिलं. मागची मोरी तुंबलेली, पाणी भिंतीतून झिरपून वर चढतंय, एवढंच. तक्रारी झाल्या, त्याच २९५-अ खाली. अटक होईल म्हणून त्यांना देश सोडावा लागला, ते फिनलंडला गेले. १९३४ मध्ये इंग्रजांच्या मॅजिस्ट्रेटनं दाव्होआनना त्याच मुंबईत, त्याच कलमातून मोकळं केलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांत आपण पुढं आलो की मागं गेलो, हे तुम्हीच ठरवा. आणि ते प्रकरण चर्चचं होतं. म्हणजे या खात्यात सगळे धर्म सारखेच.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ही माणसं मुर्डीहून आली, मुंबईहून, मद्रासहून, पुण्याहून, नागपूरहून, साताऱ्याहून आली. नव्वद-पंचाण्णव वर्षं झाली, फुल्यांपासून मोजलं तर दीडशेच्या वर.

मला स्वतःला या सगळ्यातून एकच गोष्ट कळली. कर्वे गेले, मासिक बंद. रामनाथन गेले, संघटना थंड. दाभोलकरांना मारणाऱ्यांचाही हिशेब तोच असणार. पण तो चुकला. त्या दिवशी संध्याकाळी गावोगाव लोक जमले, आणि दुसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी शाळेत कार्यकर्त्यांनी पुन्हा परमँगनेट आणि ग्लिसरीन काढलं. कारण तोवर काम एका माणसाचं राहिलं नव्हतं. नंतर अंनिसमध्येही गट पडले, वाद झाले, ते मी झाकणार नाही. पण बोलावलं तर आजही कुणीतरी येतं.

आपल्याकडचं मात्र मी सांगतो. इथं कार्यक्रमाला तीस खुर्च्या टाकतात, बारा भरतात. त्यातले आठ साठीच्या पुढचे. ती दोन पोरं तासाभराच्या वाटेवरच्या गावांत वाढली, तिथल्याच शाळांत शिकली. कुणीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं. आपण पोचलो नाही.

म्हणून मोठं काही मागत नाही. कायद्याची प्रत मराठीत मिळते, एक घरात ठेवा. प्रत्येक पोलिस ठाण्याच्या हद्दीसाठी पोलिस निरीक्षक दर्जाचा दक्षता अधिकारी नेमायची यात तरतूद आहे, ती तिथं दाखवा. साप चावला तर आधी सरकारी दवाखाना. आणि माझ्या पत्रकार मित्रांनो, पुढची बाबाची जाहिरात आली की मजकूर नीट करायच्या आधी हे कलम एकदा वाचा. मी फार उशिरा वाचलं.

ही पोस्ट मी त्या ग्रुपवरही टाकतोय. उद्या दूध दुसऱ्या दुकानातून आणावं लागलं तर आणीन.